ट्रेल्स मालिका : तेरा खेळांपैकी पहिला कोणता हाती घ्यावा?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. निहोन फाल्कॉम या जपानी कंपनीच्या ‘ट्रेल्स’ या रोल-प्लेइंग, म्हणजे कथेतील पात्र होऊन खेळायच्या, व्हिडिओ खेळांच्या मालिकेविषयी गेले काही महिने मी वाचत आहे आणि जितके अधिक वाचावे तितका सुरुवातीचा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होत चालला आहे. २००४ मध्ये जपानमध्ये सुरू झालेली ही कथा अद्याप संपलेली नाही. मुख्य कथेचे तेरा खेळ आले असून त्यांची नावे ‘स्काय’, ‘झीरो’, ‘अझूर’, ‘कोल्ड स्टील’, ‘रेव्हरी’, ‘डेब्रेक’ आणि ‘बियॉन्ड द होरायझन’ अशी वेगवेगळी आहेत. काहींना क्रमांक आहेत, परंतु ते त्या त्या विभागापुरतेच असल्यामुळे संपूर्ण मालिकेत कोणता खेळ कितवा हे नावावरून कळत नाही. शिवाय २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्याच खेळाची नव्याने घडवलेली आवृत्ती आली, त्यामुळे जुनी घ्यावी की नवी हाही प्रश्न उभा राहिला आहे.

माझी परिस्थिती थोडक्यात सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. मी विश्रामबागेत राहते आणि नोकरी करते. रात्रीची जेवणे आणि आवराआवर झाल्यावर तासभर आणि रविवारी दुपारी त्याहून थोडा अधिक, एवढाच वेळ खेळासाठी मिळतो. घरातील लॅपटॉप कार्यालयीन कामासाठी घेतलेला असून बराच जुना आहे आणि त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. कन्सोल घेण्याचा तूर्त विचार नाही. या प्रकारचे खेळ मला अगदीच अपरिचित नाहीत, कारण ‘फायनल फँटसी’चा दहावा भाग मी शेवटपर्यंत खेळले आहे आणि त्यातील विचार करायला उसंत देणारी लढाई मला मनापासून आवडली. मात्र त्या मालिकेत क्रमांक बदलला की सहसा जगही बदलते, त्यामुळे कोठूनही सुरुवात केली तरी फारसे अडत नाही. ‘ट्रेल्स’मध्ये तसे नाही, असे सगळेच सांगतात.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. कथा पूर्ण समजण्यासाठी खरोखरच पहिल्या खेळापासून जावे लागते का, आणि जावे लागत असेल तर जुनी आवृत्ती घ्यावी की नवी? मधले काही खेळ वगळले तर कितपत नुकसान होते? आणि इंग्रजी किती कठीण आहे? मी इंग्रजी सावकाश पण व्यवस्थित वाचते. माझा आठवीतला भाचा सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून पाहणार आहे, तो मराठी माध्यमात शिकतो. उत्तरे देताना कथानकातील रहस्ये उघड होणार नाहीत याची कृपया काळजी घ्यावी.

अजिंक्यतारा, सातारा

नमस्कार, ताई. सुरुवात ‘ट्रेल्स इन द स्काय’पासूनच करावी आणि पुढे ज्या क्रमाने खेळ जपानमध्ये प्रसिद्ध झाले त्याच क्रमाने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे जरा सविस्तर मांडतो, कारण ‘क्रमाने खेळा’ एवढेच सांगितले तर तेरा खेळांचा पसारा पाहून कोणीही मागे फिरेल.

या सर्व खेळांची कथा झेमुरिया नावाच्या एकाच खंडावर घडते. कथा सुरू होण्यापूर्वी सुमारे पन्नास वर्षे या खंडात ऑर्बमेंट नावाच्या यंत्राचा शोध लागला आहे आणि रस्त्यावरच्या दिव्यांपासून हवाई जहाजांपर्यंत आणि युद्धातील शस्त्रांपर्यंत सर्व काही त्या शक्तीवर चालू लागले आहे. या शोधामुळे लहान-मोठ्या राष्ट्रांचे परस्परसंबंध कसे बदलले, हा मालिकेचा खरा विषय आहे आणि प्रत्येक विभाग तो एका वेगळ्या भूमीवरून दाखवतो. २००४, २००६ आणि २००७ मध्ये आलेले ‘स्काय’चे तीन खेळ लिबर्ल या छोट्या राज्याचे आहेत. २०१० चा ‘झीरो’ आणि २०११ चा ‘अझूर’ हे दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडलेल्या क्रॉसबेल या नगरराज्याचे आहेत. त्या शेजाऱ्यांपैकी एक म्हणजे एरेबोनिया साम्राज्य. २०१३ ते २०१८ या काळातील ‘कोल्ड स्टील’चे चारही खेळ तेथे घडतात. २०२० चा ‘रेव्हरी’ क्रॉसबेल आणि एरेबोनिया या दोन्ही कथांचे धागे एकत्र आणतो. दुसरा शेजारी म्हणजे कॅल्व्हार्ड प्रजासत्ताक. २०२१ आणि २०२२ चे ‘डेब्रेक’चे दोन खेळ आणि २०२४ चा ‘बियॉन्ड द होरायझन’ तेथील आहेत. ही सर्व वर्षे जपानमधील प्रकाशनाची आहेत, इंग्रजी आवृत्त्या पुष्कळ उशिरा आणि वेगळ्याच क्रमाने आल्या. आपल्याला दिसणारा गोंधळ मुख्यतः त्यातून निर्माण झाला आहे.

आता क्रम का महत्त्वाचा, ते सांगतो. लिबर्लवर दहा वर्षांपूर्वी एरेबोनियाने आक्रमण केले होते आणि ‘स्काय’मधील जवळजवळ प्रत्येक घरावर त्या युद्धाची खूण आहे. लोक साम्राज्याचे नाव घेताना सावध होतात. काही खेळांनंतर त्याच साम्राज्यातील एका लष्करी विद्यालयात आपण विद्यार्थी म्हणून दाखल होतो, तेथील कामगारांच्या आणि सरदारांच्या घरी जातो, त्यांची मुले आपले सोबती होतात. ज्याने लिबर्लमध्ये दिवस घालवले आहेत त्याच्या मनात या वेळी जी ओढाताण होते, ती थेट ‘कोल्ड स्टील’पासून सुरू करणाऱ्याच्या वाट्याला येऊच शकत नाही. इतिहासाचा सारांश वाचून माहिती मिळते, पण ओढाताण मिळत नाही. याशिवाय एक व्यावहारिक कारण आहे. ‘स्काय’मध्ये एका पात्राविषयी जे हळूहळू उमगत जाते, ते ‘कोल्ड स्टील’ आपल्याला आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरून सुरुवातीलाच सांगून टाकतो. तसेच ‘अझूर’ची कथा आणि ‘कोल्ड स्टील’च्या पहिल्या दोन खेळांची कथा एकाच काळात समांतर घडते. सीमेच्या एका बाजूने पाहिलेली घटना दुसऱ्या बाजूने पुन्हा पाहावी, अशी ती रचना आहे.

या मालिकेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तिची किरकोळ माणसे. दुकानदार, बंदरावरचा कामगार, चर्चमधील शिक्षिका अशा प्रत्येकाला नाव आहे आणि कथेत काही घडले की त्या प्रत्येकाचे बोलणे बदलते. पुढच्या खेळात तीच माणसे एखाद्या वर्षाने मोठी झालेली भेटतात. पालीच्या खंडोबाच्या यात्रेला दरवर्षी जाणाऱ्याला तीच माणसे दर खेपेस थोडी बदललेली दिसावीत, कोणाचे लग्न झालेले असावे, कोणी धंदा बदललेला असावा, तसे हे आहे. म्हणून प्रत्येक घटनेनंतर गावात एक फेरी मारावी. मुख्य कथेसाठी ती आवश्यक नाही, तरीही मालिकेवर जीव जडतो तो या फेऱ्यांमुळेच.

आवृत्तीविषयी : आपल्या लॅपटॉपचा विचार करता २०१४ मध्ये स्टीमवर, म्हणजे संगणकावरील खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आलेली जुनी इंग्रजी आवृत्ती घ्यावी. ती साध्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते, तिची किंमत कमी आहे आणि सवलतीच्या काळात ती आणखी कमी होते. २०२५ ची नवी आवृत्ती देखणी आहे. तिच्यात संपूर्ण त्रिमितीय जग आहे, कथा तीच ठेवून लढाईची पद्धत बदललेली आहे आणि भाषांतरही नव्याने केलेले आहे. मात्र तिला अधिक समर्थ संगणक लागतो. तिचा विनामूल्य डेमो उपलब्ध आहे, तो आधी चालवून पाहावा. डेमो सुरळीत चालला तर निर्णय बदलायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्यावी. ‘स्काय’चा पहिला आणि दुसरा खेळ ही दोन पुस्तके नसून एकाच कादंबरीचे दोन खंड आहेत आणि पहिला खंड अशा ठिकाणी थांबतो की दुसरा हाताशी नसेल तर चैन पडत नाही. पहिल्याची इंग्रजी आवृत्ती पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या खेळयंत्रावर २०११ मध्ये आली आणि दुसऱ्याची २०१५ मध्ये, म्हणजे इंग्रजीतून खेळणाऱ्यांना मध्ये चार वर्षे वाट पाहावी लागली. आपल्याला ती पाहावी लागणार नाही.

कोयनाकाठचा प्रवासी, कराड

साताऱ्याच्या मित्रांनी मांडलेला विचार मोलाचा आहे, तरीही मी आदरपूर्वक वेगळे मत नोंदवतो. ताईंना दिवसाला एक तास मिळतो. ‘स्काय’चा पहिला खेळ बराच काळ अत्यंत संथ चालतो. एस्टेल आणि जोशुआ हे दोघे किशोरवयीन नायक रोलेंट या गावातून निघून बोस, रुआन, झाइस आणि राजधानी ग्रॅन्सेल असा राज्याचा फेरा करतात आणि वाटेत लोकांची लहानमोठी कामे करतात. मोठ्या कथेचा वेग शेवटच्या भागात येतो. चाळीस तासांच्या खेळात तो वेग येईपर्यंत ताईंचा महिनाभर सहज जाईल. जो वाचक पहिल्याच खंडात थांबतो त्याला क्रमाचा काहीच उपयोग होत नाही.

म्हणून ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी ‘झीरो’पासून आरंभ करण्याचा विचार करावा, असे मला वाटते. येथे नायक नवे आहेत. क्रॉसबेलच्या पोलीस दलात नव्याने स्थापन झालेल्या एका छोट्या पथकातील चार जण, त्यांचा प्रमुख लॉइड, आणि एकच शहर. पोलिसांवर नागरिकांचा विश्वास नाही, राजकारणी दोन शेजारी राष्ट्रांच्या दावणीला बांधलेले आहेत, गुन्हेगारी टोळ्यांना अभय आहे आणि कायदा मुद्दामच लंगडा ठेवलेला आहे. अशा ठिकाणी प्रामाणिक माणसाने काम कसे करावे, हा प्रश्न पहिल्या प्रकरणापासून समोर येतो. मला स्वतःला संपूर्ण मालिकेत याहून सकस कथा वाटलेली नाही. २०२२ मध्ये आलेली अधिकृत इंग्रजी आवृत्ती जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाने केलेल्या उत्कृष्ट भाषांतरावर आधारलेली आहे. मूळ खेळ पीएसपीचा असल्यामुळे त्याला भारी संगणकही लागत नाही. ‘स्काय’मधील काही माणसे येथे येतात आणि त्यांच्याशी निगडित एक धागा या खेळात पूर्णत्वास जातो, हे मान्य करायलाच हवे. तो प्रसंग अनोळखी वाचकालाही कळतो, फक्त त्यामागची वर्षे त्याला दिसत नाहीत. ‘झीरो’ आणि ‘अझूर’ संपवून मग मागे ‘स्काय’कडे गेले तरी आनंद मिळतो.

‘डेब्रेक’पासून सुरुवात करावी असाही सल्ला आपल्या वाचनात येईल. तेथे देश नवा, नायक नवा आणि लढाईची पद्धतही नवी आहे. परंतु आपल्या जुन्या लॅपटॉपवर तो खेळ नीट चालण्याची शक्यता कमी, त्यामुळे तो प्रश्न उद्भवणार नाही.

तारषड्ज, मिरज

क्रमाविषयी वर पुरेसे बोलून झाले आहे, म्हणून मी लढाई आणि संगीत या दोनच विषयांवर लिहितो. ताईंना ‘फायनल फँटसी’च्या दहाव्या भागाची लढाई आवडली, ही फार चांगली खूण आहे, कारण ‘स्काय’मध्येही कोणाची पाळी केव्हा येणार याची यादी पडद्यावर सतत दिसत असते. फरक असा की येथे त्या यादीतील काही जागांना जोडून लाभ येतात. एखाद्या पाळीला आपोआप जखमा भरतात, एखादीला प्रहार हमखास जबर बसतो. तो लाभ शत्रूच्या पाळीवर आला तर तोही त्याचा फायदा घेतो. आपल्या पात्राकडे लढताना साठलेले सीपी हे गुण १०० झाले की पाळी नसतानाही मध्येच उडी घेऊन ते आपला सर्वांत मोठा प्रहार करू शकते आणि लाभाची ती जागा हिसकावून घेऊ शकते. खेळाचे खरे कौशल्य येथे आहे. नवखे खेळाडू मोठा प्रहार केवळ शत्रूला अधिक इजा व्हावी म्हणून वापरतात आणि मग पुढच्याच पाळीला शत्रूचा घणाघात सोसतात. योग्य जागेसाठी सीपी राखून ठेवावेत.

दुसरी व्यवस्था ऑर्बमेंटची. प्रत्येकाजवळ खिशात मावणारे एक यंत्र असते, त्यात क्वार्ट्झ, म्हणजे निरनिराळ्या तत्त्वांचे खडे, बसवण्याच्या खाचा असतात आणि त्या खाचा रेषांनी जोडलेल्या असतात. पृथ्वी, जल, अग्नी, वायू, काळ, अवकाश आणि आभास या सात तत्त्वांपैकी एका रेषेवर कोणत्या तत्त्वाची किती बेरीज होते, त्यावर त्या पात्राला कोणती जादू येणार हे ठरते. ज्याच्या यंत्रात सर्व खाचा एकाच लांब रेषेवर आहेत त्याला मोठ्या बेरजा जमतात आणि म्हणून तो जादूत पुढे असतो. ज्याच्या रेषा तुकड्या-तुकड्यांच्या आहेत त्याच्याकडून शस्त्राचे काम घ्यावे. सुरुवातीला ही बेरीज किचकट वाटेल, पण अर्धा तास शांतपणे क्वार्ट्झ अदलून-बदलून पाहिले की नियम उलगडतो. पृथ्वी तत्त्वाची ‘अर्थ गार्ड’ ही जादू लवकरात लवकर मिळवावी. ती शत्रूचा एक प्रहार संपूर्णपणे निष्फळ करते आणि अवघड लढाया तिच्या जोरावर निभावतात. जादूला उच्चारणाचा वेळ लागतो, त्यामुळे शत्रू मंत्र म्हणत असताना तो खंडित करणारे प्रहार कोणाजवळ आहेत हेही पाहून ठेवावे.

वेळ कमी असलेल्यांना दिलासा देणारी एक बाब अशी की या खेळात तासन्‌तास फिरून लेव्हल वाढवत बसण्याची गरज नसते. आपण शत्रूपेक्षा वरच्या लेव्हलला गेलो की अनुभवाचे गुण झपाट्याने घटतात आणि मागे पडलेले पात्र एक-दोन लढायांत बरोबरीला येते. शत्रूकडून थेट पैसे मिळत नाहीत. सेपिथ नावाचे स्फटिक मिळतात, त्यांतून क्वार्ट्झ बनतात आणि उरलेले विकून पैसे होतात. ते सगळे विकून टाकू नयेत. एखादी लढाई हरलात तर पुन्हा लढताना शत्रूचे बळ थोडे कमी करून घेण्याची सोय आहे. ती वापरण्यात कमीपणा मुळीच नाही.

संगीताविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. मिरजेत तंतुवाद्ये घडताना पाहत वाढलेल्या माणसाचा कान सुरांकडे आधी जातो आणि फाल्कॉमच्या स्वतःच्या संगीत चमूने, म्हणजे ‘फाल्कॉम साउंड टीम जेडीके’ने, या मालिकेला दिलेले संगीत हा माझ्या दृष्टीने खेळायला बसण्याचा स्वतंत्र हेतू आहे. प्रत्येक गावाची धून निराळी आहे. जोशुआ हार्मोनिकावर वाजवतो ती धून सुरुवातीलाच ऐकू येते आणि पुढे कथेचाच एक भाग होते. लॅपटॉपच्या स्पीकरवर ते ऐकू नये, साधे का होईना हेडफोन लावावेत.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कराडच्या दादांचा मुद्दा मला पटतो, तरीही मन ‘स्काय’कडेच झुकते आहे, कारण संथ कथेचे मला भय वाटत नाही. लहान गावांतून फिरत माणसे ओळखण्यासाठीच मला हा खेळ हवा आहे. दोन शंका उरतात. एक इंग्रजीची, ज्यावर अद्याप कोणी लिहिलेले नाही. दुसरी अशी की, पुढेमागे चांगला संगणक घेतला आणि तोवर दुसऱ्या भागाचीही नवी आवृत्ती आली, तर मध्येच जुन्यावरून नव्यावर जावे का? आणि आठवीतल्या मुलासोबत बसून पाहण्याजोगे हे सर्व आहे ना?

कृष्णातीरीची वाचक, वाई

इंग्रजीविषयी मी लिहिते, कारण शाळेत तोच विषय शिकवते आणि माझ्या काही विद्यार्थ्यांनी या मालिकेतून वाचनाची गोडी लावून घेतलेली पाहिली आहे. ‘स्काय’चे इंग्रजी रोजच्या बोलण्यातले आहे, वाक्ये आटोपशीर आहेत, आणि जुन्या आवृत्तीत कथेतील संवाद बोलले जात नाहीत. आपण बटण दाबल्याशिवाय पुढचे वाक्य येत नाही. सावकाश वाचणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे, कारण आवाजाच्या मागे धावावे लागत नाही आणि शेजारी बसलेल्या मुलाला प्रत्येक संवादाचा अर्थ मराठीत सांगत जाता येते. अडचण येते ती शब्दांपेक्षा नावांची. माणसे, गावे, पदे, संघटना यांची संख्या मोठी आहे आणि पहिल्या खेळात सहज उल्लेखलेले नाव तिसऱ्या-चौथ्या खेळात केंद्रस्थानी येऊ शकते. म्हणून भाच्याच्या हाती एक शंभर पानी वही द्या. व्यक्तीचे नाव, ती कोठे भेटली, काय करते आणि कोणाशी तिचे नाते आहे, एवढे त्याने मराठीत लिहीत जावे. त्याचा सहभागही राहील आणि तुम्हालाही चार दिवसांच्या खंडानंतर धागा सापडेल.

खेळातही एक नोंदवही असते. नायक ज्या संघटनेत उमेदवारी करतात त्या ब्रेसर संघटनेच्या कामगिऱ्या तिच्यात नोंदल्या जातात. काही कामगिऱ्यांना मुदत असते, ती टळली की त्या हातच्या जातात. तेव्हा नव्या गावात पोहोचल्यावर आधी संघटनेच्या कार्यालयातील फलक पाहावा. काही कामगिऱ्या फलकावर लागतच नाहीत, लोकांशी बोलल्यावरच कळतात. त्याचप्रमाणे ‘कार्नेलिया’ नावाची एक कथा वेगवेगळ्या खंडांच्या रूपाने प्रवासात विखुरलेली आहे. ती स्वतःच वाचनीय आहे आणि सर्व खंड जमवणाऱ्याला शेवटी एक उत्तम शस्त्र मिळते. एकही कामगिरी सुटू नये म्हणून पहिल्याच खेपेस मार्गदर्शिका उघडून बसू नये, असे मात्र मी आग्रहाने सांगेन. दर ओळीला बाजूला पाहून खेळल्यास गाव ओळखीचे होत नाही.

मुलाविषयी : पहिले दोन खेळ आठवीतल्या मुलाबरोबर बसून पाहायला योग्य आहेत. युद्ध, अनाथपण, अपराधीपणाची भावना असे गंभीर विषय त्यांत आहेत, पण ते जबाबदारीने मांडलेले आहेत आणि त्यावर मुलांशी चांगले बोलता येते. तिसऱ्या खेळाची बाब निराळी आहे. तेथे प्रवासाऐवजी अनेक दारांची रचना आहे आणि प्रत्येक दारामागे एखाद्या पात्राची गोष्ट आहे. त्यांतील १५ व्या तारकाद्वारामागे एका मुलीच्या अत्यंत क्लेशदायक बालपणाची कथा येते. ती कथेला आवश्यक आहे आणि संयमाने लिहिलेली आहे, तरीही ते दार तुम्ही आधी एकटीने उघडून वाचा आणि मग मुलाला केव्हा आणि किती सांगायचे ते ठरवा.

अजिंक्यतारा, सातारा

कराडच्या मित्रांना एवढेच सांगतो की ‘झीरो’च्या थोरवीविषयी आपले दुमत नाही. ज्या धाग्याचा उल्लेख त्यांनी केला तो माझ्या दृष्टीने संपूर्ण मालिकेतील सर्वांत हृद्य धागा आहे आणि तो ‘स्काय’च्या दुसऱ्या खेळात सुरू होतो. अनोळखी वाचकाला तो कळतो, हे खरे आहे. ओळखीच्या वाचकाला तो हलवून सोडतो. त्यासाठी संथ चाळीस तास देण्याची माझी तयारी आहे आणि ताईंचीही दिसते. वगळण्याच्या प्रश्नाचेही उत्तर यातच आहे. ‘स्काय’चा तिसरा खेळ पुष्कळ जण रचना वेगळी म्हणून टाळतात, पण क्रॉसबेल आणि एरेबोनिया या दोन्ही कथांची बीजे त्याच दारांमागे पेरलेली आहेत. तो वगळू नये. ‘नायुता’ नावाचा २०१२ चा खेळ मात्र वेगळ्या जगातील आहे, तो निःशंकपणे बाजूला ठेवता येतो. ‘डेब्रेक’पासून सुरुवात केली तरी मागच्या खेळांचे देणे चुकत नाही, कारण ‘बियॉन्ड द होरायझन’मध्ये जुन्या विभागांचे दोन नायक आपापल्या स्वतंत्र कथा घेऊन परत येतात.

ताईंच्या दुसऱ्या शंकेविषयी : दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती जाहीर झालेली आहे. जुना पहिला खेळ संपवून नवा दुसरा घेतला तर कथेत कोठेही खंड पडणार नाही, कारण कथा तीच आहे. फक्त पात्रांचे दिसणे, लढाईची पद्धत आणि काही ठिकाणी भाषांतरातील शब्द बदललेले असतील. मात्र जुन्या पहिल्या खेळाच्या अखेरीस जतन केलेले सेव्ह जुन्या दुसऱ्या खेळात नेता येते आणि त्याचा थोडा लाभही मिळतो, म्हणून जुन्या आवृत्तीतच पुढे जायचे असेल तर ते सेव्ह पुसू नये आणि पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवावी. पहिला खेळ संपत आला की दुसरा विकत घेऊन आणि डाउनलोड करून ठेवावा, शेवट झाल्यावर इंटरनेटच्या भरवशावर राहू नये.

खरेदीसंबंधी शेवटची सूचना. स्टीमवर खेळ घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळू शकतात. हा खेळ आवडतो की नाही हे दोन तासांत ठरत नाही, पण लॅपटॉपवर नीट चालतो की नाही हे निश्चित ठरते. तेवढ्यासाठी ते दोन तास वापरा : पडद्याचा आकार, अक्षरांचा ठळकपणा, आणि गेमपॅड जोडणार असाल तर त्याची बटणे हे सारे त्याच वेळात पाहून घ्या. गेमपॅड नसल्यास कीबोर्डवरही अडत नाही, कारण लढाईत घाई नसते. रोलेंटमधील सुरुवातीचा भाग संपला की येथे अवश्य लिहा. क्वार्ट्झ कसे लावलेत ते मिरजकरांना कळवलेत तर ते पुढच्या रचनेचा सल्ला नक्की देतील.